‘एकच घेतो’ म्हणजे नेमकी किती?

“काकाजी, दारू घेता काय?”

“नाई बा. कदी-मदी.”

“कदी-मदी म्हणजे?”

“संध्याकाळी. वावरातून आलं का आंग दुखते.”

“अन् किती घेता?”

“एकच.”

समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी खाटेच्या कडेवर बसून फॉर्म भरते आहे. दुसऱ्या प्रश्नापुढे पर्याय आहेत: एक किंवा दोन, तीन किंवा चार, पाच किंवा सहा... ती पहिल्या चौकटीत खूण करते. गुण शून्य. काकाजी मोकळे, मुलगीही मोकळी.

हा संवाद कल्पनेतला आहे. पण यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, झरी जामणी तालुक्यातल्या कुठल्याही अंगणात तो असाच्या असा घडू शकतो. काकाजी खोटं बोललेले नाहीत. मुलीनेही कामचुकारपणा केलेला नाही. तरीही फॉर्म साफ चुकला, कारण ‘एकच’ म्हणजे एक काय, हे कुणी विचारलंच नाही.

एकच म्हणजे एक पव्वा. महाराष्ट्रात देशी दारूच्या बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० मिलिलिटरच्या पव्व्यात त्या हिशेबाने ७७ मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल येतं, वजनात साठ ग्रॅमच्या आसपास. मुलीच्या हातातली प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेची आहे आणि तिच्यात ‘एक पेय’ म्हणजे दहा ग्रॅम अल्कोहोल. म्हणजे काकाजींचं ‘एकच’ प्रत्यक्षात सहा होतं. एका बैठकीला सहा किंवा त्याहून जास्त पेयं किती वेळा होतात, हा त्याच प्रश्नावलीतला तिसरा प्रश्न आहे. काकाजींचं खरं उत्तर आहे, रोज.

ही प्रश्नावली ‘ऑडिट’ या नावाने ओळखली जाते. सहा देशांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासून १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती तयार झाली. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. पहिले तीन प्रश्न किती आणि कितीदा पितो याचे, मधले तीन दारूच्या ताब्यात जाण्याचे आणि शेवटचे चार झालेल्या नुकसानीचे. आठ किंवा अधिक गुण पडले की पिणं धोक्याच्या हद्दीत आलं असं धरतात. सोळापासून पुढे नीट समुपदेशन लागतं, वीसपासून पुढे तज्ज्ञाकडे पाठवावं लागतं. रोज एक पव्वा घेणाऱ्या माणसाला पहिल्या तीन प्रश्नांतच चार, दोन आणि चार असे दहा गुण मिळतात. मुलीच्या फॉर्मवर ते चार, शून्य आणि शून्य असे पडले. चार गुणांचा माणूस चाळणीतून खाली पडतो आणि पुन्हा कुणी त्याच्याकडे वळून पाहत नाही.

चाळणी हाच यासाठी बरोबर शब्द. निदान करणं हे डॉक्टरांचं काम. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने करायचं ते चाळणं: समोर आलेल्या प्रत्येकाला, मग तो घरकुलाच्या अर्जासाठी आलेला असो की मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी, तेच चार-दोन प्रश्न त्याच सुरात विचारायचे. ज्याच्या तोंडाला वास येतो त्यालाच विचारलं तर ती चाळणी राहत नाही, चौकशी होते. आपल्याकडे नेमकं तेच चालतं. दारूचा विषय निघतो तेव्हा माणूस आधीच रस्त्यावर पडलेला असतो, बायको माहेरी गेलेली असते, यकृत सुजलेलं असतं. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसली तरी मदत मिळाल्याचं आढळलं. सरळ सांगायचं तर उपचाराच्या सोयी कमी आहेतच, पण वेळेवर विचारणारा माणूस त्याहून कमी आहे. विचारणारे घडवण्याची जागा म्हणजे समाजकार्य महाविद्यालयं.

महाराष्ट्रात हे शिक्षण जुनं आहे. मुंबईची टाटा संस्था १९३६ची. विदर्भात नागपूरला मातृसेवा संघाची संस्था आणि तिरपुडे महाविद्यालय, खुद्द यवतमाळात सावित्री ज्योतिराव समाजकार्य महाविद्यालय. या शिक्षणाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. वर्गातली पोरं आठवड्यातले ठरलेले दिवस गावात, वस्तीत, दवाखान्यात काढतात, अहवाल लिहितात आणि मार्गदर्शकाला दाखवतात. व्यसन हा विषय अभ्यासक्रमात असतो, त्याच्या व्याख्या पाठ असतात, २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिनाची फेरी निघते, पथनाट्यही होतं. पथनाट्यातला दारुडा लडखडतो, लोक हसतात. पण समोर बसलेल्या, अजिबात न लडखडणाऱ्या माणसाला ‘कालच्याला किती झाली’ हे कसं विचारायचं, याचा सराव फार कमी होतो.

आणि झरी जामणीत तो सराव दुप्पट लागतो.

पैनगंगेपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद भाग, अलीकडे कापसाची वावरं, मुकुटबनकडे सिमेंट कारखाना, वणीकडे कोळशाच्या खाणी. गोंड, परधान आणि कोलाम हे इथले मूळचे लोक. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. दुसरे दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातली बोली आहे. मराठीशी तिचं नातं शेजाराचं, रक्ताचं नव्हे. यवतमाळहून आलेली मुलगी प्रमाण मराठीत ‘आपण मद्यपान करता का’ असं विचारते तेव्हा ‘मद्यपान’ हा शब्दच अर्धं अंगण ओलांडत नाही.

शब्दांचं जमवता येतं. भीतीचं काय करायचं? या तालुक्यात ‘पिता का’ या प्रश्नाचं खरं उत्तर देणं महाग पडू शकतं. १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही आहे आणि घरी मोहाची गाळणं हा त्याखाली गुन्हा आहे. पोडावर वही-पेन घेऊन आलेला अनोळखी माणूस दारूबद्दल विचारू लागला की तो कुठल्या खात्याचा, ही शंका पहिल्यांदा येते. दुसरं कारण याहून कडू आहे. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात सरकारी मदतीचे एक लाख रुपये मिळण्यासाठी नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा हे दाखवावं लागतं. चौकशीत ‘दारूचं व्यसन’ असा शेरा पडला की प्रकरण अपात्र ठरण्याची धास्ती असते. ज्या घराने हे शेजारी घडताना पाहिलंय, ते घर कुठल्याही फॉर्मवर दारू लिहू देणार नाही. देईल तरी का?

म्हणून प्रशिक्षणातला पहिला धडा प्रश्नाचा असून चालत नाही, कागदाचा असावा लागतो. हा कागद कुणाकडे जाणार, त्यावर नाव असणार की नाही, ग्रामसेवक तो पाहणार का, पोलीस पाहणार का, हे विद्यार्थ्याने आधी स्वतः समजून घ्यायचं आणि प्रश्नाच्या आधी मोकळेपणाने सांगायचं. पाळता येणार नाही असं वचन द्यायचं नाही. जिवाला धोका दिसला, लेकराला मारहाण दिसली, तर गुप्तता बाजूला ठेवावी लागते, हेही तेव्हाच सांगायचं. एवढं बोलायला तीन मिनिटं लागतात. बहुतेक फॉर्म या तीन मिनिटांअभावी खोटे भरले जातात.

मोहाचा मुद्दा वेगळा आहे. गोंड-कोलामांच्या देवकार्यात, जन्म-लग्न-मरणात मोहाच्या दारूला मान आहे. देवाला धार दिल्याशिवाय कार्य पुढे सरकत नाही. फुलं उन्हाळ्याच्या तोंडावर पडतात, वाळवून ठेवली जातात, खाल्लीही जातात, विकलीही जातात. शहरातून आलेल्या पोरांना यात दोन टोकांचे मोह होतात. एकाला वाटतं, ही सगळी वस्तीच व्यसनी. दुसऱ्याला वाटतं, ही त्यांची संस्कृती, आपण कोण बोलणार. दोघंही विचारायचं टाळतात. खरा फरक कॅलेंडरवर दिसतो. देवाला दिलेली धार सणाची असते. पोळा होऊन महिना झाला, कार्य कुठलंच नाही आणि तरी रोज संध्याकाळी ग्लास भरतो आहे, तर तो देवाचा उरलेला नाही. हे पोडावरच्या म्हाताऱ्या माणसांना विद्यार्थ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांना विचारलं की ती सांगतातही.

मोहाच्या दारूची ताकद भट्टीगणिक बदलते, त्यामुळे तिथे ग्रॅमचा हिशेब अंदाजेच राहतो. शिंदी-ताडीचं दुखणं आणखी निराळं. सीमेपलीकडे तेलंगणात ताडीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गुंगीच्या द्रव्यांची भेसळ अनेकदा सापडली आहे. २०१५ साली तिथे अशा ताडीवर कारवाई झाली, तेव्हा ती एकाएकी बंद पडल्याने झटके आणि भ्रम होऊन अनेक माणसं दवाखान्यात पोहोचली. सीमेवरच्या तालुक्यात काम करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून ‘ताडी हलकीच असते’ असं धरून चालू नये. कुठली, कुणाकडची, आणि एक दिवस नाही मिळाली तर काय होतं, हे तीन प्रश्न पुरतात.

मग खर्रा. विदर्भात याला व्यसन म्हणायला कुणी तयार नसतं. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन घोट-घोट घोटायचं, पुडी बांधायची, खिशात टाकायची. पाहुण्याला चहाआधी खर्रा पुढे येतो. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरणारे निघाले, विडी-सिगारेट ओढणारे जेमतेम ३.८ टक्के. तरीही ‘धूम्रपान करता का’ हा प्रश्न आपल्या फॉर्मांवर ठाण मांडून असतो आणि खर्ऱ्याचा पत्ता नसतो. जागतिक आरोग्य संघटनेची ‘असिस्ट’ ही दुसरी प्रश्नावली इथे जास्त उपयोगी, कारण ती सुरुवातच तंबाखूपासून करते आणि दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या असं पुढे जाते. यात एक व्यावहारिक शहाणपण आहे. खर्ऱ्याबद्दल बोलायला कुणाला लाज नाही. तिथून बोलणं सुरू झालं की दारूपर्यंत ते आपसूक येतं.

अडचण एवढीच की विचारणाऱ्याच्या खिशातही पुडी असते. चांगले प्रशिक्षक म्हणून पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांनाच फॉर्म भरायला देतात, नाव न लिहिता. स्वतःचे गुण स्वतः मोजायचे. बापाच्या दारूत वाढलेली पोरं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी हा फॉर्म म्हणजे जखमेवरची खपली. त्यांना कुणाशी बोलायचं असेल तर तो कुणी आधी ठरलेला असला पाहिजे. ही सोय न करता सराव घेणं हा माझ्या मते सरळ निष्काळजीपणा आहे.

हे सगळं शिकवून काही फरक पडतो का? पडतो, आणि त्याचा पुरावा फार लांबचा नाही, गोव्यातला आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुरुषांना ऑडिटचे प्रश्न विचारले. बारा ते एकोणीस गुणांचे, म्हणजे धोक्यात आलेले पण अजून पूर्ण आहारी न गेलेले ३७७ जण निवडले. निम्म्यांना नेहमीची मदत, निम्म्यांना त्याशिवाय समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका. समुपदेशक ना डॉक्टर होते, ना मानसशास्त्रज्ञ. स्थानिक भाषा बोलणारी, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेखाली आले होते, दुसऱ्या गटात २६ टक्के. निष्कर्ष २०१७च्या सुरुवातीला ‘लॅन्सेट’मध्ये आले. दहा टक्क्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. चार बैठकांच्या खर्चात दुसरं काय मिळतं ते पाहिलं की किरकोळ वाटत नाही. विदर्भातही अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने गावच्याच कार्यकर्त्यांकडून मानसिक आरोग्याचं असं काम करून घेतलं होतं.

गोव्याच्या प्रयोगाला एक मोठी मर्यादा होती: त्यात फक्त पुरुष होते. बायकांना विचारायचंच नाही, ही सवय आपल्याही अंगात भिनलेली आहे. पोडावर कार्याला बायकाही मोहाची घेतात. तपकीर, तंबाखू तर सर्रास. गरोदर बाईला हे न विचारणं ही चूकच. मात्र तिला नवऱ्यासमोर, सासूसमोर विचारणं ही त्याहून मोठी चूक. नदीवर, विहिरीवर, अंगणवाडीच्या मागे, जिथे ती एकटी भेटेल तिथे.

घरच्या माणसांकडून माहिती काढण्याचं शास्त्र महाराष्ट्राला मुक्तांगणने शिकवलं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर, पुण्यात येरवड्याला हे केंद्र सुरू केलं. तिथे पेशंटच्या बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. नवरा ‘कधीतरी’ म्हणतो तेव्हा बायकोला पगाराचा दिवस, उधारीचा आकडा, लेकराच्या वाढदिवसाला काय झालं ते सगळं आठवत असतं. पण विद्यार्थ्याने सावध असावं. बायकोने सांगितलेलं नवऱ्याच्या तोंडावर फेकलं तर त्या रात्री मार तिला बसतो. तिची माहिती तिच्यापाशीच राहिली पाहिजे.

उत्तर मिळाल्यावरचं पहिलं वाक्य सगळ्यात अवघड. विद्यार्थ्याच्या तोंडावर येतं: “काका, सोडून द्या ना मग.” हे वाक्य निरुपयोगी तर आहेच, कधी जीवघेणंही ठरतं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत बंद केली की हात थरथरतात, घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात. गाव म्हणतं, अंगात आलं. खरं तर त्याला दवाखाना हवा असतो. म्हणून सकाळी उठल्या-उठल्या लागते का, या एका प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं की पुढचा उपदेश बंद, डॉक्टरांची वाट सुरू. माळ घालून, शपथ घेऊन सोडणाऱ्यांचा मान ठेवावा, पण त्यांच्यासोबत पहिले चार दिवस कुणीतरी जागं राहील हेही बघावं.

बाकीच्यांसाठी विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली मांडलेली रीत आता जगभर शिकवतात. तिचा गाभा साधा आहे: माणसाला पटवायला जाऊ नका, त्याच्याच तोंडून कारण निघू द्या. “पव्व्यात काय चांगलं वाटते?” असं आधी विचारायचं. अंग दुखायचं थांबतं, झोप येते, असं काकाजी सांगतील. ते खरंही आहे. मग, “अन् काय नाई पटत?” इथे गप्प बसायचं. दहा सेकंद, वीस सेकंद. ही शांतता सहन करणं हाच सरावाचा सगळ्यात कठीण भाग. पोरं घाबरून लगेच पुढचा प्रश्न टाकतात. तेवढ्या वेळात एखादा काकाजी सांगून टाकतो, की नात जवळ येत नाही, म्हणते वास येतो.

पुढे पाठवायचं कुठे, हा झरीचा खरा प्रश्न आहे. जवळची मोठी गावं म्हणजे वणी आणि पांढरकवडा. मेडिकल कॉलेज यवतमाळला. एसटी चुकली की दिवस गेला, दिवस गेला की रोजी गेली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही आजारांत धरले आहेत, म्हणजे उपचार हा हक्क आहे. फोनवरून मदतीसाठी केंद्राचा व्यसनमुक्तीचा १४४४६ आणि टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत. पण नुसता क्रमांक हातात ठेवून निघून जाणं म्हणजे पाठवणं नव्हे. सोबत जाणं, बाहेर बाकावर बसून राहणं, आणि महिन्याने पुन्हा त्याच खाटेवर येऊन विचारणं, हे सगळं त्यात येतं. विद्यार्थ्याची बॅच परीक्षेनंतर बदलते, काकाजी तिथेच असतात.

तेव्हा महाविद्यालयांना एक मागणी करायची तर ती अशी: पोरांना पोडावर पाठवताना फॉर्मच्या गठ्ठ्यासोबत एक मोजपात्र द्या, कोलामी जाणणारा गावातला माणूस मानधन देऊन सोबत घ्या, आणि पुढच्या बॅचची पहिली फेरी त्याच घरी कोणत्या तारखेला होणार, ते आधीच्या बॅचच्या अहवालात लिहून घ्या.